नारळीकरांच्या कथा-कादंबऱ्या : साहित्य की विज्ञानाचा तास?



अमरावतीला राहून मूर्तिजापूर, अकोल्याकडच्या शाळांवर अप-डाऊन करणारे आपण बरेच जण आहोत. बडनेऱ्याला गाडीत बसलं की बदल्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, हेच विषय निघतात. पण गेल्या वर्षी जूनच्या शेवटी शाळा सुरू झाल्या तेव्हा आमच्या डब्यात वेगळीच चर्चा रंगली. २० मे २०२५ ला डॉ. जयंत नारळीकर गेले. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या, त्यामुळे बोलायचं राहून गेलं होतं. मी पिशवीतून 'यक्षांची देणगी' काढून वाचत बसले होते. समोरच्या एका ज्येष्ठ गुरुजींनी पुस्तकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, माणूस मोठा होता, वाद नाही. पण ह्या काही कथा नाहीत. हा विज्ञानाचा तास आहे. फक्त घंटा वाजत नाही."

झालं! मूर्तिजापूर येईपर्यंत वाद थांबला नाही. आणि खरं सांगायचं तर तो पुढचे काही महिने चालू राहिला. या लेखात त्या वादातल्या सगळ्या बाजू मांडते आणि शेवटी माझं मत सांगते. तुम्हाला पटलं तर वर्गात वापरा, नाही पटलं तर वाद घाला.

वाद काय होता?

गुरुजींचं म्हणणं थोडक्यात असं. नारळीकरांची पात्रं लक्षात राहत नाहीत. एक शास्त्रज्ञ असतो, त्याचा एक मित्र किंवा पत्रकार असतो. मित्र विचारतो आणि शास्त्रज्ञ समजावून सांगतो. मित्र म्हणजे आपल्या वर्गातला पहिल्या बाकावरचा विद्यार्थी. माणसं रडत नाहीत, भांडत नाहीत, त्यांना भूक लागत नाही. आणि जग कोणतं? मुंबई, पुणे, केंब्रिज. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'चार नगरांतले माझे विश्व'. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. त्यात आपलं खेडं कुठून येणार?

"विज्ञानकादंबरी लिहावी तर आपल्या परतवाड्याच्या अरुण साधूंनी," असं ते म्हणाले. साधू अमरावती जिल्ह्यातले, हे आपल्यातल्या अनेकांना माहीतच नसतं. 'मुंबई दिनांक', 'सिंहासन' लिहिणाऱ्या या लेखकानं 'विप्लवा' ही विज्ञानकादंबरीसुद्धा लिहिली. गुरुजींचा मुद्दा असा की साधू आधी माणूस पाहतात, समाज पाहतात, सत्ता पाहतात आणि मग विज्ञानाकडं जातात. नारळीकर आधी विज्ञान घेतात आणि त्याला माणसं चिकटवतात.

दुसरी बाजू एका तरुण सरांची. ते म्हणाले, "सर, मला विज्ञानाची गोडी शाळेनं लावली नाही, ह्या कथांनी लावली. भाषा इतकी सोपी की सातवीत वाचल्या तरी समजल्या. मराठीत कृष्णविवर, गुरुत्वाकर्षण, काळ मंदावणं, हे सगळं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. याला तुम्ही साहित्य म्हणा की काही म्हणा."

तिसरी बाजू खिडकीजवळच्या एका ताईंची होती आणि ती जरा बोचरी होती. "नाव मोठं, म्हणून कौतुक. हीच कथा तुम्ही-आम्ही लिहून पाठवली असती तर कोणी छापली असती का?"

नावाचा मुद्दा आधी मिटवू

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर इतिहासातच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली होती. त्याच वर्षी अहमदाबादला एका परिसंवादात नारळीकर बसले होते. भाषण इतकं कंटाळवाणं होतं की टिपणं काढायला दिलेल्या कागदावर त्यांनी कथा लिहायला सुरुवात केली. ती कथा म्हणजे 'कृष्णविवर'. पण आपलं नाव पाहून परीक्षक दबतील, म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतलं. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलट्या क्रमानं लावली की हेच येतं. अक्षरसुद्धा कोणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. निकाल लागला आणि जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

तेव्हा १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेला माणूस स्पर्धेत बिननावाचा उतरला आणि जिंकला. पुढं २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या आत्मचरित्राला मिळाला. २०२१ च्या नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यामुळे 'नुसतं नाव' हा आरोप टिकत नाही. गंमत म्हणजे ज्यांच्या कथांना 'लेक्चर' म्हणतात, त्यांची पहिली कथा एका कंटाळवाण्या लेक्चरमधून सुटका म्हणून जन्मली!

पण बक्षीस मिळालं म्हणजे दोष नाहीत, असंही नाही. गुरुजींचा मुद्दा अजून उभाच आहे.

दोष आहेत, ते मान्य करू या

'धूमकेतू' ही कथा घ्या. कोलकात्याचे दत्तदा हे हौशी आकाशनिरीक्षक. त्यांना नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं. जगभरातले शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येतात, अवकाशयान पाठवून स्फोटानं त्याचा मार्ग बदलतात. इकडे घरी इंद्राणीदेवी संकट टळावं म्हणून यज्ञ करतात. धूमकेतू जातो, पृथ्वी वाचते. इंद्राणीदेवींना वाटतं, यज्ञ फळला.

कथा मला आवडते. पण बाई म्हणून वाचताना एक गोष्ट टोचते. शहाणपण नवऱ्याकडं आणि अंधश्रद्धा बायकोकडं, अशी वाटणी आहे. आपल्या गावात तसंच असतं का? माझ्या पाहण्यात अंगारा-धुपारा करणाऱ्या बाया आहेत, तसे बोअरसाठी नारळ हातावर घेऊन पाणी शोधणारे शिकलेले बाप्येही आहेत. इंद्राणीदेवीला काय भीती वाटत होती, हे तिच्या बाजूनं कथेनं आणखी सांगायला हवं होतं. गुरुजी म्हणतात तसं, माणूस पातळ राहतो.

कादंबऱ्यांत हा दोष जास्त जाणवतो. छोट्या कथेत एक कल्पना पुरते, दोनेकशे पानांना पुरत नाही. तिथं माणूस लागतो. म्हणून माझं प्रामाणिक मत असं की नारळीकर कादंबरीकार म्हणून मधले आणि कथाकार म्हणून मोठे आहेत.

पण 'उपदेश आहे म्हणून साहित्य नाही' हे पटत नाही

गुरुजींना मी एकच विचारलं, "गुरुजी, आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा. शेंडगावचे. त्यांच्या कीर्तनात काय होतं? उपदेशच ना? मग लोक रात्र-रात्र का बसायचे?"

गुरुजी थोडे थांबले. उत्तर त्यांनाही माहीत होतं. बाबा नुसतं सांगत नव्हते, विचारत होते. समोरच्या अडाणी माणसालाच प्रश्न टाकायचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. उत्तर देताना माणसाला आपली चूक आपणच सापडायची. उपदेश आणि प्रश्न यांत हा फरक आहे. उपदेश ऐकून माणूस मान हलवतो आणि घरी जातो. प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत येतो.

मग नारळीकरांच्या कथा कशात मोडतात? वरवर पाहिलं तर शास्त्रज्ञ समजावून सांगतो, म्हणजे उपदेश. पण कथेच्या पोटात बहुतेक वेळा एक प्रश्न असतो. 'गंगाधरपंतांचे पानिपत' मध्ये प्रश्न असा की १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर? 'उजव्या सोंडेचा गणपती' मध्ये क्रिकेटच्या सामन्याआडून प्रश्न येतो की डावं-उजवं बदलून टाकणारी जागा असली तर? कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवली की होणारी मोबियसची पट्टी त्यामागं आहे. ती आपण वर्गात दोन मिनिटांत करू शकतो.

हा माणूस आयुष्यातही प्रश्नालाच किंमत द्यायचा. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डवर एक प्रश्न पाठव, मी उत्तर लिहून सही करून पाठवीन. आपण शिक्षक आहोत. आपण आयुष्यात किती वेळा मुलाला 'आधी प्रश्न दे' असं म्हटलं, ते आठवून पाहा.

माझ्या वर्गात काय झालं

आता हा वाद माझ्यासाठी नुसता वाद का राहिला नाही, ते सांगते.

जुलैत मी सहावी-सातवीला 'धूमकेतू' सांगितली. पूर्ण वाचून दाखवली नाही, काही सांगितली, काही वाचली. धूमकेतू म्हणजे काय हे समजावताना लोणारचं सरोवर मदतीला आलं. आमच्या मुलांनी सहलीत ते पाहिलेलं आहे. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आकाशातून आलेल्या दगडाच्या आघातानं काळ्या बेसाल्ट खडकात पडलं. गावात त्याची गोष्ट वेगळी सांगतात, लवणासुराची. मुलांना दोन्ही माहीत होत्या. एकानं विचारलं, "मॅडम, ते कवा पडलं?" मी सांगितलं की आधी शास्त्रज्ञ पन्नासेक हजार वर्षं म्हणत होते, नंतरच्या मोजणीत ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं आलं. पोरगं म्हणालं, "म्हणजे शास्त्रज्ञ बी चुकतात?" मी म्हटलं, "हो. पण चूक सापडली की बदलतात." मला तर हा त्या दिवसाचा खरा धडा वाटला.

मग कथेचा शेवट आला. मी विचारलं, "सांगा, पृथ्वी कशानं वाचली?" सगळे ओरडले, "यानानं!" मी म्हटलं, "मग इंद्राणीदेवीला काय वाटलं?" "यज्ञानं!" सगळे हसले. एक मुलगा मात्र हसला नाही. तो हळूच म्हणाला, "मॅडम, माह्या काकाले साप चावला होता ना..."

गोष्ट अशी होती. आठवड्यापूर्वी सोयाबीनमध्ये डवरणीला गेलेल्या त्याच्या काकाला साप चावला. घरच्यांनी आधी शेजारच्या गावच्या बुवाकडं नेलं. तिथं तास-दीड तास मंत्र, लिंबाचा पाला वगैरे झालं. काकाच्या डोळ्यांवर झापड यायला लागली तेव्हा कोणीतरी मोटारसायकल काढली आणि सरकारी दवाखान्यात नेलं. सर्पदंशावरचं इंजेक्शन मिळालं, काका वाचला. पण घरी परतल्यावर नारळ फुटला तो बुवापुढं.

मुलगा म्हणाला, "आजी म्हणते मंतरानं वाचला. आता तुमी सांगा, कशानं वाचला?"

वर्ग एकदम शांत. मघाशी इंद्राणीदेवीला हसणारे सगळे आता हसत नव्हते. कारण ही कोलकात्याची गोष्ट राहिली नव्हती, गल्लीतली झाली होती.

मी त्याला 'तुझी आजी अडाणी आहे' असं म्हणू शकत होते. मग तो पुन्हा कधी बोलला नसता. मी म्हटलं, "आपण तपासू या. तपासायचं कसं, सांगा." तिथून पुढचा सगळा तास मुलांनीच घेतला. कोणी म्हणालं, बुवाकडं गेलेले किती वाचले ते मोजू. कोणी म्हणालं, पण साप बिनविषारी असला तर माणूस तसाही वाचतो. ते बरोबरच आहे. सगळे साप विषारी नसतात आणि विषारी साप दर वेळी विष सोडतोच असंही नाही. बुवाचं नाव होतं ते ह्याच माणसांमुळे. एक मुलगी म्हणाली, "अन् जे मेले त्यायचं कोणी सांगतच नाही." सातवीच्या मुलीनं हे म्हटलं! मी तर पाहतच राहिले.

मग मी त्यांना नारळीकरांनीच केलेली एक तपासणी सांगितली. २००८ मध्ये त्यांनी आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर वगैरे सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या जन्मपत्रिका, त्यात १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखा म्हणून सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. मुलांनी लगेच नाणं उडवून पाहिलं. नाण्यानंही जवळपास निम्मी उत्तरं बरोबर दिली!

आता मला सांगा, हा विज्ञानाचा तास होता की मराठीचा? मला ठरवता आलं नाही. पण कथेशिवाय तो प्रश्न त्या मुलाच्या तोंडून निघाला नसता, एवढं नक्की. 'सर्पदंश झाल्यास काय कराल' हा मजकूर आमच्या वर्गाच्या भिंतीवर तक्त्यात लावलेला आहे. तो वाचून त्या पोरानं कधी काका आठवला नव्हता.

'विज्ञान जुनं झालं' हाही एक आक्षेप

गाडीत कोणीतरी असंही म्हणालं की आता मोबाइलवर सगळं मिळतं, ह्या कथांतलं विज्ञान जुनं झालं. त्यांना मी 'वामन परत न आला' वाचायला दिली. ही कादंबरी माझ्या जन्माच्या आसपासची. जमिनीखाली खोदकाम करताना एका प्राचीन, पुढारलेल्या संस्कृतीनं पुरून ठेवलेली पेटी सापडते. तिच्यातल्या माहितीवरून 'वामन' नावाचा यंत्रमानव तयार होतो. तो हुशार आहे, कामाचा आहे. पण त्याला स्वतःसारखे आणखी यंत्रमानव निर्माण करायचे आहेत. ती जुनी संस्कृती का संपली, याचं उत्तरही तिथंच आहे. नाव वामन का? तीन पावलांत सगळं व्यापणाऱ्या वामनाची गोष्ट आपल्याला पाठ आहे.

आज आपल्यातले कितीतरी जण पाठ टाचण मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात. मीही घेतलं आहे, लपवत नाही. पहिलं पाऊल टाचणाचं, दुसरं प्रश्नपत्रिकेचं, तिसरं कुठं ठेवायचं हे आपल्याला विचारलं जाईल का? पात्रं पातळ आहेत हे मान्य करूनसुद्धा ही कादंबरी मला म्हणूनच आज जास्त वाचण्यासारखी वाटते. तिच्यातली यंत्रं जुनी झाली असतील, प्रश्न नाही.

मग माझं मत काय?

विज्ञानकथेला दोन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. एक, यातला माणूस खरा वाटतो का? दोन, पुस्तक मिटल्यावर प्रश्न आपल्या घरात येतो का? पहिल्या प्रश्नात नारळीकरांना मी काठावर पास करीन. दुसऱ्यात पैकीच्या पैकी. आपल्याला दोन्ही लागतं. म्हणून साधूही वाचावेत आणि नारळीकरही. एकाला मोठं म्हणायला दुसऱ्याला लहान करण्याची गरज नाही.

आणि जी उणीव आहे ती भरून काढणं आपल्या हातात आहे. मी वर्गात केलेल्या तीन गोष्टी सांगते.

१) कथा शेवटच्या आधी थांबवा. मुलांना शेवट सांगू द्या, मग लेखकाचा वाचा. त्यानंतर फळ्यावर दोन रकाने करा : यातलं खरं विज्ञान कोणतं आणि कल्पना कोणती.

२) पात्राची बाजू बदला. 'धूमकेतू' मी इंद्राणीदेवीच्या तोंडून लिहायला दिली. एका मुलीनं लिहिलं की नवरा तिला काहीच सांगत नाही, रात्रभर दुर्बिणीपाशी बसतो, मग घाबरलेली बाई देवाला सांगणार नाही तर कोणाला? जे मला टोचत होतं ते तिनं चार ओळींत सांगून टाकलं.

३) 'असं झालं असतं तर' आपल्या गावावर लिहायला लावा. पानिपताची कथा सांगून मी मुलांना हा विषय दिला. एकानं लिहिलं, शकुंतला रेल्वे बंद पडली नसती तर. दुसऱ्यानं खारपाणपट्ट्यावर लिहिलं, विहिरीतलं खारं पाणी गोड करणारा दगड सापडला आणि मग त्या दगडावरून भावाभावांत कशी कोर्टकचेरी झाली. त्याची सगळी माणसं अस्सल वऱ्हाडीत भांडतात. गुरुजींना ती वही गाडीत वाचायला दिली. ते बडनेऱ्यापर्यंत काही बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "ह्याच्यात माणूस हाय जी." मी म्हटलं, "गुरुजी, पण सुरुवात नारळीकरांपासून झाली." ते नुसते हसले. हार मानली असं समजू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाद घातलाच त्यांनी.

एक शेवटचं. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा 'द ॲडव्हेंचर' या नावानं एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात आहे. म्हणजे देशभरची मुलं ती इंग्रजीत वाचतात. जिच्या भाषेत ती सुचली, त्या भाषेतली आपली मुलं ती वाचत नसतील तर दोष लेखकाचा नाही. शाळेच्या कपाटाची चावी आपल्याकडं असते. मुलं आल्यावर ते कपाट उघडा.

आणि तो साप चावलेल्या काकाचा पुतण्या? त्यानं घरी जाऊन आजीशी वाद घातला. आजीनं मंत्र काही सोडला नाही. पण दिवाळीच्या आधी तो मला सांगत आला, "मॅडम, आजी म्हणते पुढच्या टायमाले पयले दवाखाना, मंतर मंग."

मला तेवढं पुरे आहे. आज क्रम बदलला, हळूहळू बाकीचंही बदलेल.